ईसीजी वाचणारा प्रोग्राम: सोलापुरातल्या कामाच्या नोंदी, डिसेंबर ते एप्रिल

काम एवढंच: ईसीजीची डिजिटल फाइल घ्यायची, ठोके शोधायचे, गती, आरआर (दोन ठोक्यांमधलं अंतर), क्यूआरएस (ठोक्याची मुख्य टोकदार लाट) आणि क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून नंतरची टी लाट संपेपर्यंतचा वेळ) मोजायचे आणि डॉक्टरला वाचता येईल असा कागद काढायचा. निदान करायचं नाही. भाषा पायथन, एक जुना लॅपटॉप, सगळा डेटा फुकट मिळणारा. असं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतं. म्हणून यातलं काहीही रुग्णावर वापरलेलं नाही आणि तुम्हीही वापरू नका.

३ डिसेंबर

सुरुवात एमआयटी-बीआयएच या बोस्टनकडच्या ईसीजी संग्रहापासून. ४७ माणसांची अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, दोन चॅनल, सेकंदाला ३६० सॅम्पल, म्हणजे वाचनं. प्रत्येक ठोक्यावर डॉक्टरांनी लावलेली खूण सोबत येते. असे संग्रह वाचणाऱ्या डब्ल्यूएफडीबी लायब्ररीने फाइल दोन ओळींत उघडते.

पहिली चूक पहिल्याच तासाला. रेकॉर्ड १०० मध्ये खुणा २२७४ आणि आमचा डिटेक्टर २२७३ सांगतोय. एक ठोका कुठे निसटला म्हणून दोन तास आलेख चाळला. निसटला नव्हताच. पहिली खूण '+' आहे, म्हणजे 'इथून अमुक लय सुरू'. तो ठोका नव्हे. '~', '|', '"' याही ठोक्यांच्या खुणा नाहीत. ठोक्यांच्या खुणांची यादी आधी हाताने लिहून काढा आणि बाकी सगळं गाळा.

५ डिसेंबर

पहिला चॅनल म्हणजे लीड दोन, असं धरून चाललो होतो. लीड म्हणजे हृदयाकडे ज्या बाजूने बघायचं ती जोडणी. बहुतेक रेकॉर्डमध्ये तसंच आहे. पण ११४ मध्ये चॅनल उलटे आहेत, आणि १०२ व १०४ मध्ये ते लीड मुळातच नाही, तिथे व्ही५ आणि व्ही२ ही छातीवरची लीड आहेत. आता चॅनल क्रमांकाने नाही, नावाने निवडतो. नाव सापडलं नाही तर प्रोग्राम थांबतो आणि तसं सांगतो. गुपचूप शून्य क्रमांकाचा चॅनल उचलणारा कोड पुसून टाकला.

१० डिसेंबर

ठोके शोधायला पॅन-टॉम्पकिन्स, १९८५ ची पद्धत. अजूनही कामाला येते आणि लॅपटॉपला दम लागत नाही. क्रम असा: साधारण ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा, मग उतार, मग वर्ग, मग १५० मिलिसेकंदांची सरकती सरासरी, आणि शेवटी आपोआप वर-खाली होणारा थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर गेलं की ठोका मानायचा ती पातळी.

रेकॉर्ड १०० आणि १०३ वर उत्तम चाललं. १०९, १११, २१४ वर एकेका ठोक्याचे दोन-दोन. ही तिन्ही लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉकची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश नेणारी वाट अडलेली, म्हणून क्यूआरएस रुंद. दोन संध्याकाळी थ्रेशोल्ड खालीवर करण्यात घालवल्या. एक रेकॉर्ड सुधारलं की दुसरं बिघडायचं.

कारण क्षुल्लक निघालं. मूळ पद्धत सेकंदाला २०० सॅम्पलसाठी लिहिलेली आहे, तिथे सरासरीची खिडकी ३० सॅम्पलची, म्हणजे १५० मिलिसेकंद. उतरवून घेतलेल्या कोडमध्ये ३० हा आकडा तसाच राहिला होता. ३६० ला ३० सॅम्पल म्हणजे ८३ मिलिसेकंद. रुंद क्यूआरएस त्यात मावत नाही, त्याचे दोन उंचवटे होतात. खिडकी ५४ सॅम्पल केली आणि दुहेरी मोजणी गेली. त्याच दिवशी नियम केला: कोडमध्ये सॅम्पलचा आकडा कुठेही लिहायचा नाही. सगळं मिलिसेकंदात लिहायचं आणि गुणाकार एकाच ठिकाणी करायचा. ठोक्यानंतरचे २०० मिलिसेकंद दुसरा ठोका न मानण्याची अटही याच पद्धतीने लिहिली.

१४ डिसेंबर

तपासणीची रीत: आपला ठोका आणि डॉक्टरांची खूण यांत १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर जुळलं. आमचे ठोके जुळत होते, पण सगळे उशिरा पडत होते. फिल्टरला वेळ लागतो, सरासरीला वेळ लागतो, आणि खूण त्या सरासरीच्या शिखरावर पडते. गती मोजायला याने बिघडत नाही, कारण सगळेच सारखे उशिरा. क्यूआरएसची सुरुवात शोधायची झाली की मात्र घोळ. सरासरीच्या शिखरापासून मागे जाऊन मूळ सिग्नलमध्ये खरं आर, म्हणजे क्यूआरएसचं टोक, शोधायचं, हा टप्पा वगळू नका.

२२ डिसेंबर

छोटी नोंद. एमआयटीच्या फाइलीत १ मिलिव्होल्ट म्हणजे २०० एकक, पुढे घेतलेल्या पीटीबी-एक्सएल संग्रहात १०००. कच्चे आकडे घेतले की पाचपट उंच ईसीजी दिसतो. नेहमी मिलिव्होल्टमध्ये बदललेला सिग्नल घ्या.

४ जानेवारी

आता स्वतः सिग्नल घेऊन बघायचा. ईसीजी घेणारा एडी८२३२ बोर्ड ६५० रुपये, त्याचे आकडे लॅपटॉपला पाठवणाऱ्या आर्डुइनो उनो बोर्डाची नक्कल ४५०, इलेक्ट्रोडच्या चिकटपट्ट्या ५० नगांना ३५०. बोर्ड ऑनलाइन मागवावा लागला. पट्ट्या गावातच सर्जिकलच्या दुकानात मिळाल्या. लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवरच. तारा अंगाला लावलेल्या असताना चार्जर जोडायचा नाही, यात सूट नाही.

बसल्या जागी नाडी बोटाने मोजली तर ७२, प्रोग्राम म्हणतो ९४. पुन्हा मोजली, पुन्हा ९४. डिटेक्टर तर संग्रहावर नीट चालतोय.

घोळ केबलमध्ये होता. दर ४ मिलिसेकंदांनी एक वाचन, म्हणजे सेकंदाला २५०, असं कोडमध्ये लिहिलेलं. पण सिरीयलचा वेग ९६०० ठेवलेला. एका ओळीत तीन अंक आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा, मिळून पाच अक्षरं. प्रत्येकाला १० बिट, म्हणून ओळीला ५० बिट. ९६०० भागिले ५० बरोबर १९२. सेकंदाला १९२ पेक्षा जास्त ओळी जाऊच शकत नाहीत. उनोचा बफर भरतो आणि पुढचं वाचन खोळंबतं. खरे सॅम्पल १९२, आपण धरले २५०: ७२ गुणिले २५० भागिले १९२, बरोबर ९४.

वेग ११५२०० केला. नुसती ४ मिलिसेकंद थांबण्याची आज्ञाही काढली, कारण वाचायला आणि पाठवायला लागणारा वेळ तिच्यात धरलेला नसतो. मायक्रोसेकंदाच्या घड्याळावर 'पुढची वेळ' ४००० ने वाढवत नेली. तपासायला ईसीजी लागत नाही: घड्याळ लावून ६० सेकंदांच्या ओळी मोजा, १५,००० च्या आसपास आल्या पाहिजेत. आधी साडेअकरा हजार येत होत्या.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट दिसली. बोर्ड ३.३ व्होल्टचा, उनोचा संदर्भ ५ व्होल्टचा, त्यामुळे १०२३ पैकी ६७५ च्या वर आकडा कधी जाणारच नाही. ३.३ व्होल्टची तार उनोच्या एआरईएफला, म्हणजे संदर्भ व्होल्टेजच्या पिनला, जोडली आणि कोडमध्ये बाहेरचा संदर्भ सांगितला. ती आज्ञा वाचनाच्या आधी यायला हवी, नाहीतर चिपला इजा होऊ शकते.

७ जानेवारी

सिग्नलवर जाड किनार, विजेची गुणगुण. नॉच फिल्टर, म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी कापणारं, तर लावलेलं होतं. पण कोड बोस्टनच्या डेटावर बेतलेला आणि तिकडची वीज ६० हर्ट्झची. आपली ५०. आकडा बदलला.

मग हाव सुटली आणि फिल्टर जास्त टोकदार केलं, क्यू (टोकदारपणाचा आकडा) ३० वरून १००. त्याने उलटंच झालं. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ठरलेल्या पट्ट्यातसुद्धा ४९.९० ते ५०.०५ अशी हलते. क्यू १०० ला फिल्टरची रुंदी अर्धा हर्ट्झ, त्यामुळे ४९.९ वरची गुणगुण एक तृतीयांशाहून थोडी जास्तच शिल्लक राहते. क्यू ३० ला जेमतेम १२ टक्के. शिवाय टोकदार फिल्टर क्यूआरएसच्या धक्क्यानंतर घंटेसारखं घुमत राहतं आणि एसटीवर (क्यूआरएस आणि टी लाट यांच्यामधला भाग) बारीक खोट्या लाटा उमटतात. ३० वर परत आलो.

१४ जानेवारी

संक्रांत, गड्ड्याची जत्रा. काम बंद.

१९ जानेवारी

पूर्व भागातल्या एका खोलीत चाचणी, शेजारीच यंत्रमाग. विजेची गुणगुण नॉचने गेली, पण त्याखेरीज काहीतरी वेडंवाकडं राहिलं. बेसलाइन (लाटांमधली शांत रेषा) ठराविक अंतराने उसळत होती आणि डिटेक्टर मधूनच तिला ठोका म्हणत होता. मागाच्या दणक्याने जमीन हलते, जमिनीसोबत टेबल, टेबलासोबत लोंबणारी केबल, आणि केबल इलेक्ट्रोडला ओढते. इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामधला थर ताणला गेला की तिथे व्होल्टेज तयार होतं. ते ईसीजीच्याच पट्ट्यात येतं, म्हणून कुठल्याही फिल्टरने ते वेगळं काढता येत नाही.

उपाय प्रोग्रामबाहेर सापडला. केबल टेबलावरून काढली, माणसाला गादीवर झोपवलं, तारा घडी घातलेल्या सोलापुरी चादरीवर सैल ठेवल्या आणि प्रत्येक इलेक्ट्रोडजवळ तारेचा छोटा वेढा करून चिकटपट्टीने अंगाला लावला. ओढ वेढ्यावर येते, इलेक्ट्रोडवर नाही. उसळ्या जवळपास गेल्या. छताचा पंखाही बंद ठेवा, वाऱ्याने तारा डुलतात.

२ फेब्रुवारी

बारा लीडच्या ईसीजीसाठी पीटीबी-एक्सएल हा दुसरा संग्रह: २१ हजारांवर रेकॉर्ड, प्रत्येक १० सेकंदांचं, ५०० आणि १०० हर्ट्झ दोन्हींत. उघडल्यावर ३ जीबीच्या आसपास, रात्री लावून ठेवा.

इथे एक दिवस पाण्यात. प्रत्येक रेकॉर्डच्या निष्कर्षासोबत खात्रीचा आकडा असतो, ० ते १००. 'खात्री ५० च्या वर असेल तरच घ्या' अशी चाळणी लावली. ती दिसायला शहाणपणाची. उरलेल्या यादीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात ती अनियमित लय) एकही नाही. साधी सायनस, म्हणजे नेहमीची लयही नाही. लयीच्या निष्कर्षांना या संग्रहात ० लिहिलेलं असतं, आणि ० चा अर्थ 'नक्की नाही' असा नसून 'खात्रीचा आकडा दिलेला नाही' असा आहे. लयीसाठी चाळणी काढली, नाव असलं की पुरे.

वयाच्या रकान्यात ३०० दिसलं तर दचकू नका. ८९ च्या वरच्या सगळ्यांना ओळख लपवण्यासाठी ३०० टाकलेलं आहे. सरासरी वय काढताना ते गाळा. लिंगाच्या रकान्यात ० म्हणजे पुरुष, १ म्हणजे स्त्री. हे उलटं धरलं तर पुढे क्यूटीसीची (गतीनुसार दुरुस्त केलेल्या क्यूटीची) मर्यादा चुकते.

९ फेब्रुवारी

ठोका साधा की वेगळा, हे ओळखणारं मॉडेल. एमआयटीचे सगळे ठोके एकत्र केले, पत्ते पिसल्यासारखे पिसले, ८० टक्के शिकायला आणि २० टक्के परीक्षेला. अचूकता ९९ टक्क्यांच्या पुढे. चहा मागवला.

हा निकाल फेकून द्यावा लागला. एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेले होते. मॉडेल त्या माणसाचा ठोका ओळखायला शिकलं होतं, आजार ओळखायला नाही. परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला.

वाटणी माणसांनुसार केली. पेसमेकरवाली चार रेकॉर्ड (१०२, १०४, १०७, २१७) बाजूला, उरलेली ४४ निम्मी-निम्मी. ही वाटणी शोधनिबंधांत सर्रास वापरतात. व्हेंट्रिकलमधून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) येणारे ठोके बऱ्यापैकी टिकले, कारण ते मुळात रुंद आणि वेगळे दिसतात. एट्रियममधून (वरच्या कप्प्यातून) वेळेआधी येणारे ठोके मात्र आपटले. त्यांचा आकार साध्या ठोक्यासारखाच असतो, फरक फक्त वेळेचा. ठोक्याचं चित्र एकटं देऊन काही होत नाही. आधीचा आरआर, नंतरचा आरआर आणि त्या माणसाचा सरासरी आरआर, हे तीन आकडे सोबत दिले तेव्हा थोडं सावरलं.

या वाटणीतही दोन खाचा आहेत. २०१ आणि २०२ ही एकाच माणसाची रेकॉर्ड, आणि रूढ वाटणीत एक शिकण्याकडे, एक परीक्षेकडे जातं. आम्ही दोन्ही एकाच बाजूला ठेवली. दुसरी खाच मोठी: परीक्षेकडच्या एट्रियल ठोक्यांपैकी तीन चतुर्थांशच्या आसपास एकट्या २३२ मधून येतात, तिथे असे १३८२ आहेत. त्या एका माणसावर जमलं तर गुण चढतात, नाही जमलं तर कोसळतात. म्हणून एकत्रित आकडा न छापता रेकॉर्डवार तक्ता ठेवला. तो बघायला कंटाळवाणा आहे. तरी तोच बघा.

२० फेब्रुवारी

आरआर वाटेल तसा हलतोय म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हा नियम दोन दिवसही टिकला नाही. एक साधा, एक व्हेंट्रिकलचा असे ठोके आलटून पालटून आले तर आरआर ६००, १०००, ६००, १००० असा जातो आणि नियम हमखास फसतो. तरण्या माणसाचा श्वासाबरोबर हलणारा सायनस आरआरही फसवतो.

दोन दुरुस्त्या. एक: व्हेंट्रिकलच्या ठोक्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आरआर गाळून मग अनियमितपणा मोजायचा. सहापेक्षा कमी आरआर उरले तर मत द्यायचं नाही. दोन: प्रत्येक आरच्या आधीचे २५० मिलिसेकंद एकावर एक ठेवून सरासरी काढायची. पी लाट (क्यूआरएसच्या आधीची छोटी लाट) असेल तर ती सरासरीत टिकते. फिब्रिलेशनच्या थरथरीला ठोक्याशी ठराविक अंतर नसतं, ती पुसली जाते. गती जास्त असेल तर मागच्या टी लाटेचं शेपूट या खिडकीत येतं आणि पी असल्यासारखं वाटतं. ११० च्या वर पी शोधणं बंद ठेवलं.

कागदावर 'फिब्रिलेशन' हा शब्द छापत नाही. 'आरआर अनियमित, पी लाट सापडत नाही' एवढंच छापतो. पुढचं डॉक्टर बघतील.

१ मार्च

क्यूटीसी १४ आला. मिलिसेकंदांतला क्यूटी मिलिसेकंदांतल्या आरआरच्या वर्गमुळाने भागला होता. ३४० भागिले ६०० चं वर्गमूळ. आरआर सेकंदात हवा, ०.६.

ते नीट केल्यावर बॅझेटने ४३९ आणि फ्रिडेरिशियाने ४०३. ठोके मिनिटाला १००, क्यूटी तोच ३४०, सूत्र बदललं की ३६ मिलिसेकंदांचा फरक. गती वाढली की बॅझेट जास्त दाखवतं. आता दोन्ही छापतो, सूत्राचं नाव लिहून. मर्यादा पुरुषाला ४५०, स्त्रीला ४६०.

टी कुठे संपते हे खरं अवघड. शून्याला कधी टेकते ते शोधू नका, गोंगाटात ती कधीच टेकत नाही. टीच्या उतरत्या बाजूचा सर्वांत तीव्र उतार घेऊन तिथून सरळ रेष बेसलाइनपर्यंत नेतो आणि जिथे छेदते तो शेवट. पाठोपाठ यू लाट (टीनंतर कधीकधी दिसणारी छोटी लाट) असली तरी तिच्यात फारसा अडकत नाही.

८ मार्च

बेसलाइन डुलते म्हणून ०.५ हर्ट्झच्या खालचं सगळं कापत होतो. आलेख सुरेख सपाट. मग साध्या रेकॉर्डमध्येही एसटी खाली गेलेली दिसू लागली.

खोटा सिग्नल देऊन तपासलं: १ मिलिव्होल्ट उंच, १०० मिलिसेकंद रुंद चौकोन. ०.५ हर्ट्झच्या साध्या फिल्टरमधून गेल्यावर चौकोन संपताच रेषा शून्याखाली ०.२७ मिलिव्होल्ट जाते. कागदावर २.७ मिलिमीटर. एवढ्या एसटीवरून माणसाला हॉस्पिटलात भरती करतात. तोच चौकोन ०.०५ हर्ट्झमधून नेला तर ०.०३, म्हणजे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर.

०.०५ ठेवलं तर सुरुवातीचे काही सेकंद वाया जातात, फिल्टरला स्थिरावायला वेळ लागतो. स्वतः घेताना २० सेकंद घ्या आणि शेवटचे १० वापरा. १० सेकंदांच्याच तयार फाइली असतील तर पुढून आणि मागून असं दोनदा फिल्टर करा, तेव्हा एसटी एका बाजूला ओढली जात नाही. एडी८२३२ च्या तयार बोर्डावर ०.५ च्या आसपासचं फिल्टर आधीच बसवलेलं आहे, त्याच्या सिग्नलवर एसटी मोजायचीच नाही. प्रोग्राममध्ये तिथे रकानाच रिकामा राहतो.

१५ मार्च

बारा लीडच्या फाइलीत पहिलं लीड अधिक तिसरं बरोबर दुसरं, हे प्रत्येक सॅम्पलला खरं असायला हवं. एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ या हातापायांच्या उरलेल्या तीन लीडची बेरीज शून्य. चॅनलचा क्रम चुकला किंवा एका चॅनलची पट वेगळी असली तर लगेच सापडतं.

याने हातांच्या अदलाबदल झालेल्या ताराही सापडतील असं वाटलं होतं. सापडत नाहीत. तारा उलट्या लावल्या तरी बेरीज जुळतेच, ती गणिताने जुळते. उजवा-डावा हात बदलला की पहिलं लीड उलटं होतं, दुसरं-तिसरं एकमेकांच्या जागी जातात, एव्हीआर-एव्हीएलही, आणि एव्हीएफ तसंच राहतं. म्हणून वेगळी तपासणी: पहिल्या लीडमध्ये पी आणि क्यूआरएस दोन्ही उलटे, पण छातीच्या लीडमध्ये आर नेहमीसारखं वाढत जातंय, तर 'हाताच्या तारा तपासा'. छातीतही आर व्ही६ कडे लहान होत गेलं तर हृदय उजवीकडे असण्याची शक्यता धरायची आणि तारांचा संदेश द्यायचा नाही.

२४ मार्च

छपाई. १० सेकंद गुणिले २५ मिलिमीटर म्हणजे २५० मिलिमीटर, आडव्या ए४ वर बसतं. प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' चालू राहिलं आणि सगळं ९४ टक्के झालं. छापलेला लहान चौकोनही तेवढाच लहान होतो, त्यामुळे नजरेला काही कळत नाही. मोजपट्टी लावणाऱ्याचा मात्र घात. आता प्रत्येक पानावर १० मिलिमीटर उंच, ५ मिलिमीटर रुंद कॅलिब्रेशनची खूण आणि शेजारी '१०० मिमी' लिहिलेली रेष. छापल्यावर त्या रेषेवर पट्टी लावायची.

२ एप्रिल

मराठी मजकुराने तीन संध्याकाळी खाल्ल्या. पीडीएफ बनवायला घेतलेली लायब्ररी अक्षरं एकापुढे एक मांडते, जोडत नाही. 'अनियमित' मधली वेलांटी चुकीच्या बाजूला, 'ठोक्यांची' मधला अर्धा क पाय मोडून उभा. फाँट चार बदलले, फाँटचा दोष नव्हता. शेवटी पान एचटीएमएलमध्ये बनवून ब्राउझरकडून पीडीएफ करवलं. आलेख एसव्हीजीत, त्याची मापं मिलिमीटरमध्ये लिहिली, पिक्सेलमध्ये नाही.

११ एप्रिल

पारा चाळिशीच्या वर. घामाने चिकटपट्ट्या सुटतात, आणि उघड्या राहिलेल्या पाकिटातल्या पट्ट्यांची जेल दोन-तीन दिवसांत वाळते. ३५० रुपयांच्या पाकिटातल्या १८ फेकल्या. आता पाकिटाचं तोंड दुमडून, क्लिप लावून, डब्यात. लावण्याआधी कातडी पुसून कोरडी करायची आणि खरखरीत कापडाने हलकी घासायची.

वाळलेल्या पट्टीने घेतलेल्या एका रेकॉर्डवर प्रोग्रामने गती १३८ आणि क्यूटीसी ४९० छापलं. रेकॉर्डमध्ये ठोका ओळखू येत नव्हता. म्हणून मोजणीच्या आधी फाटक बसवलं: कुठलंही लीड २०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ अगदी सपाट, किंवा सिग्नल मर्यादेला टेकलेला, किंवा ठोक्यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा दोन लीडवरून मोजलेले ठोके दोनाहून जास्त फरकाने वेगळे, यातलं एक जरी झालं तरी त्या रकान्यात आकडा नाही. तिथे 'सांगता येत नाही' आणि पुढे कारण, लीडचं नाव घालून.

फाटक लावल्यावर चाचणीतले बरेच रकाने रिकामे झाले. व्हेंट्रिकलचे ठोके वारंवार येणाऱ्या रेकॉर्डवरही ते अडतं, कारण तिथे आकार खरोखरच वेगवेगळे असतात. ती अट ठोक्यांचे गट पाडून प्रत्येक गटात वेगळी लावायची आहे. रेकॉर्ड २०० आणि २३३ वर आधी करून बघू.